नक्कल कुणाची, यापेक्षा नक्कल कधी

भृंगराज एका फांदीवर बसून बोलायला लागला की नवख्या निरीक्षकाची वही पाच मिनिटांत भरते. आधी सर्पगरुडाची लांब शीळ, तिच्यामागोमाग शिंप्याचं टुविट-टुविट, मग सातभाईंचा कलकलाट, मध्येच खारीची चिरचिर आणि शेवटी शिक्र्याची किटकिट. वहीत चार पक्षी आणि एक खार. झाडावर मात्र एकच काळा पक्षी असतो. डोक्यावर कुरळा तुरा, शेपटीतून निघालेल्या दोन लांब तारा आणि तारांच्या टोकांना पिसांचे पल्लव. म्हणून तर त्याला पल्लवपुच्छ कोतवाल असंही नाव आहे.

अशी फसगत लक्षात आली की पुढचं काम बहुतेक जण एकच करतात: याने किती जणांच्या नकला केल्या त्याची यादी. यादी करायला मजा येते आणि ती करावीही. पण नुसत्या यादीतून नकलेबद्दल फार थोडं कळतं. नक्कल कधी केली, तिच्याआधी काय घडलं होतं आणि ती ऐकून कोण हललं, हे तीन प्रश्न जास्त मोलाचे आहेत. नकला कशा ओळखायच्या, रेकॉर्ड कशा करायच्या आणि त्यांचा अर्थ कसा लावायचा, हे सगळं या तीन प्रश्नांच्या अंगाने इथे लिहितो आहे.

साम्य म्हणजे नक्कल नव्हे

गायक पक्ष्यांच्या जातींपैकी साधारण १५ ते २० टक्के जाती दुसऱ्यांचे आवाज उचलतात, असा अंदाज वर्षानुवर्षे सांगितला जातो. यात एक अट आहे. तो आवाज शिकलेला असला पाहिजे. दोन जातींचे आवाज सारखे आहेत एवढ्यावरून एकाने दुसऱ्याची नक्कल केली असं होत नाही.

सगळ्यात चांगलं उदाहरण ससाण्याच्या धोक्याचं. डोक्यावरून शिकारी पक्षी गेला की कितीतरी छोटे पक्षी बारीक, उंच, लांबट ‘सीऽऽ’ असा आवाज काढतात. वेगवेगळ्या कुळांतल्या पक्ष्यांचा हा आवाज इतका मिळताजुळता असतो की डोळे मिटून ऐकलं तर कोण बोललं ते सांगता येत नाही. कारण साधं आहे. उंच पट्टीचा, हळूच सुरू होऊन हळूच संपणारा आवाज नेमका कुठून आला हे कळायला अवघड जातं, म्हणून बोलणारा सापडत नाही. सारखी अडचण, सारखा उपाय. यात कुणी कुणाकडून शिकलेलं नाही.

साध्या कोतवालाचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं आहे. कोतवाल शिक्र्यासारखी किटकिट करतो, साळुंक्या दचकून उडतात आणि हा त्यांनी टाकलेला किडा उचलतो, अशी निरीक्षणं जुनी आहेत. ती खोटी आहेत असं मुळीच नाही. पण कोतवालाच्या स्वतःच्या आवाजांतही तशीच धारदार किटकिट असते. त्यामुळे ‘कोतवालाने शिक्र्याची नक्कल केली’ असं लिहिण्यापूर्वी थांबावं. आपल्यासमोरची किटकिट खऱ्या शिक्र्याच्या रेकॉर्डिंगशी ताडून पाहावी. त्या जातीचे सगळे पक्षी तसाच आवाज काढतात का, तेही पाहावं. सगळेच काढत असतील, जिथे मूळ पक्षी कधीच नव्हता तिथलेही, तर तो जातीचा स्वतःचा आवाज असण्याची शक्यता जास्त. एक पक्षी काढतो, शेजारचा काढत नाही, आणि आजूबाजूला मूळ आवाजाचा मालक राहतो, तर नकलेची बाजू भक्कम होते.

उलट दिशेने चकवणारा पक्षी म्हणजे पहाडी मैना. पिंजऱ्यातली पहाडी मैना माणसासारखी बोलते, म्हणून ती रानातही सगळ्यांच्या नकला करत असेल अशी पक्की समजूत आहे. ब्रायन बर्ट्रम यांनी आसाममध्ये रानातल्या पहाडी मैनांचा अभ्यास केला आणि तो १९७० साली प्रसिद्ध झाला. त्यांना दिसलं ते असं की रानातल्या मैना दुसऱ्या जातींचे आवाज उचलतच नाहीत. त्या शेजारच्या मैनांचे आवाज शिकतात, तेही नर नराकडून आणि मादी मादीकडून. पिंजऱ्यात शेजारी मैना नसते, माणूस असतो. शिकण्याची तीच भूक मग माणसाच्या आवाजावर भागवली जाते. मैनेच्या ‘बोलण्याचं’ कौतुक ऐकताना हे मला नेहमी आठवतं आणि वाईट वाटतं.

दोन नळ्यांचं वाद्य

आपला आवाज गळ्यात वर, श्वासनलिकेच्या तोंडाशी तयार होतो. पक्ष्यांचं स्वरयंत्र, म्हणजे सिरिंक्स, श्वासनलिकेच्या तळाशी असतं, जिथे ती दोन फुप्फुसांकडे दुभंगते तिथे. गायक पक्ष्यांत या दुभंगाच्या दोन्ही बाजूंना आवाज निर्माण करणारे पडदे असतात आणि मेंदू दोन्ही बाजू वेगवेगळ्या चालवू शकतो. एक बाजू बंद ठेवून दुसरीने गायचं, किंवा दोन्हींतून एकाच वेळी दोन सूर काढायचे, हे गायक पक्ष्यांना जमतं.

नकलेच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचं आहे. अमेरिकेतला मॉकिंगबर्ड कार्डिनल या पक्ष्याची नक्कल करतो. कार्डिनलची शीळ वरून खाली घसरत येते. वरचा भाग तो सिरिंक्सच्या उजव्या बाजूने गातो, खालचा डाव्या बाजूने आणि सूर न तुटता मध्येच बाजू बदलतो. स्यू अ‍ॅन झोलिंगर आणि रॉडरिक सदर्स यांनी २००४ साली दाखवलं की मॉकिंगबर्डची नक्कल हुबेहूब उतरते तेव्हा तोही तीच युक्ती वापरत असतो, बाजूंची अदलाबदल धरून. जिथे ती जमत नाही तिथे नक्कल मूळ सुरापासून ढळते. म्हणजे नकलाकार नुसता सूर पाठ करत नाही, त्याला तो काढण्याची हातोटीही नव्याने शोधावी लागते. ती त्याला कुणी दाखवत नाही. फक्त कानाने ऐकून तो तिथवर पोचतो.

यातून दुसरी गोष्ट निघते: प्रत्येक पक्षी प्रत्येकाची नक्कल करू शकत नाही. लहान अंगाच्या पक्ष्याला खोल, घुमणारा आवाज झेपत नाही. मॉकिंगबर्डवर काम करणाऱ्या डेव्ह गॅमन यांनी २०१३ साली मांडलेला निष्कर्ष असा की मॉकिंगबर्ड कुणाची नक्कल करणार हे ओळखायचं असेल तर कुणाचा आवाज त्याच्या स्वतःच्या पट्टीला आणि लयीला जवळचा आहे ते पाहावं. नुसता कानावर वारंवार पडणारा आवाज उचलला जाईलच असं नाही. तेव्हा एखाद्या छोट्या पक्ष्याने घुबडाचा घुमारा हुबेहूब काढला असं वाटलं तर आधी खऱ्या घुबडाला शोधावं.

कान कसा लावायचा

रानात नक्कल ओळखण्याचा सगळ्यात भरवशाचा पुरावा म्हणजे दुर्बिणीतून दिसणारी कंठाची हालचाल. आवाज आणि कंठ जुळले की वाद संपला. मात्र आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो हे विसरू नये. पक्षी ३५ मीटरवर असेल तर आवाज एक दशांश सेकंद उशिरा पोचतो आणि १०० मीटरवर जवळजवळ तीन दशांश. भरभर बदलणाऱ्या आवाजांत एवढा उशीर गोंधळ उडवायला पुरेसा असतो. शक्य तेवढं जवळ, पण पक्ष्याची मान आपल्याकडे वळणार नाही इतपतच जावं.

पक्षी पानांत दडलेला असेल तर कानावरच भिस्त. तेव्हा मी सगळ्यात जास्त विश्वास ठेवतो तो अंतराच्या एकसारखेपणावर. खरोखरचे पाच पक्षी बोलत असतील तर एक जवळ असतो, एक लांब, एक दरीच्या पलीकडे. लांबचा आवाज झाडांवर आपटून येतो, त्याच्या कडा पुसट होतात, मागे घुमणारं शेपूट उरतं. नकलाकाराचे पाचही आवाज सारख्याच स्पष्ट कडांचे, एकाच ठिकाणाहून आलेले असतात. सर्पगरुडाची शीळ आकाशातून यायला हवी, ती दहा फुटांवरच्या झुडपातून येते. आणि हे आवाज एकमेकांवर चढत नाहीत. एक संपतो, मग दुसरा सुरू होतो. पंधरा-वीस सेकंद कान देऊन ऐकलं तर हे कळतंच.

आवाजाची ताकदही चुगली करते. भृंगराजाने केलेली शिंप्याची नक्कल खऱ्या शिंप्यापेक्षा दणदणीत असू शकते. नकल्या खाटकाचं उलट आहे. त्याच्या नावातच नक्कल आहे. टिटवी, कोकिळा, खार, अगदी कुत्र्याच्या पिल्लाचं केकाटणंही तो उचलतो, पण बऱ्याचदा हे सगळं तो तोंडातल्या तोंडात पुटपुटल्यासारखं गातो. टिटवी अचानक इतकी लांब आणि इतकी दबक्या आवाजात कशी बोलते असं वाटलं तर समोरच्या काटेरी झुडपाचं टोक आधी पाहावं.

दोन नकलांच्या मधल्या जागाही ऐकाव्यात. बहुतेक नकलाकार स्वतःचे आवाज पूर्ण सोडत नाहीत. कोतवालांच्या नकलांमध्ये त्यांचा कर्कश, धातूवर घासल्यासारखा आवाज डोकावतो. पर्णपक्षी कोतवाल, शिक्रा, बुलबुल अशा कितीतरी जणांच्या नकला करतो, पण त्या इतक्या घाईत एकापाठोपाठ ओवतो की ती घाईच त्याची सही ठरते. अमेरिकेत नकलाकारांचे तीन भाऊबंद ओळखायची एक सोपी खूण आहे: मॉकिंगबर्ड प्रत्येक तुकडा तीन किंवा अधिक वेळा म्हणतो, ब्राउन थ्रॅशर बहुधा दोनदा आणि कॅटबर्ड एकदाच. तुकडा कुणाकडून उचलला आहे हे न कळताही पक्षी ओळखता येतो. आपल्या ओळखीच्या नकलाकारांसाठी अशी मोजणी कुणीही सुरू करू शकतं. लागते फक्त वही आणि चिकाटी.

रेकॉर्डिंग

नकलेबद्दलचा दावा कानावर सोडू नये. ओळखीच्या आवाजाशी थोडं साम्य आढळलं की मेंदू उरलेलं स्वतः भरून टाकतो. रेकॉर्डिंग असेल तर दुसरं कुणी तपासू शकतं आणि सहा महिन्यांनी आपणही.

फोन चालतो, पण तीन गोष्टी बदलून. फाइल डब्ल्यूएव्ही स्वरूपात ठेवावी. फोनचे नेहमीचे दाबलेले फॉरमॅट आपल्या कानाला न जाणवणारे बारकावे टाकून देतात आणि नकलेत फरक असतो तो तिथेच. नॉइज रिडक्शन बंद. ते माणसाच्या बोलण्यासाठी केलेलं असतं आणि उंच पट्टीची सलग शीळ त्याला गोंगाट वाटते. ऑटोमॅटिक गेनही बंद, कारण तो हळू आवाज फुगवतो, मोठा दाबतो आणि कोणती नक्कल किती जोरात केली ही माहितीच पुसून टाकतो. सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ, खोली २४ बिट, एकच चॅनेल. या हिशेबाने मिनिटाला साधारण ८.६ एमबी जागा लागते, तासाला ५२० एमबीच्या आसपास. रेकॉर्डरवर सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या जवळ राहील असा गेन लावावा. एखादी नक्कल अचानक जोरात आली तरी ती कापली जात नाही. कापलेल्या आवाजात मुळात नसलेले वरचे हार्मोनिक, म्हणजे मूळ सुराच्या पटीतले सूर, उगवतात आणि पुढे कुणी त्यांना पक्ष्याचं वैशिष्ट्य समजतं.

अंतर निम्मं केलं की मोकळ्या जागेत आवाज ६ डेसिबलने वाढतो. म्हणजे महागडा माइक घेण्याआधी दहा पावलं पुढे जाणं बरं. वाऱ्यासाठी माइकवर केसाळ आवरण हवंच, आणि ओढ्याकडे पाठ करून उभं राहावं.

पॅराबोलिक तबकडी, म्हणजे आवाज माइककडे एकवटणारी वाटीसारखी तबकडी, वापरणाऱ्यांची एक चूक वारंवार दिसते. तबकडी तिच्या व्यासापेक्षा लांब तरंगलांबीच्या आवाजांना फारसा जोर देत नाही. ५५ सेंटिमीटरच्या तबकडीसाठी ही सीमा साधारण ६०० हर्ट्झला येते. त्याखालचे आवाज रेकॉर्डिंगमध्ये दुबळे दिसतात. आता नक्कल तबकडीने टिपली आणि मूळ पक्षी साध्या माइकने, तर नकलाकाराने खालचा भाग गाळला असा निष्कर्ष निघतो, जो पक्ष्याचा नसून तबकडीचा असतो. तुलना करायची असेल तर दोन्हींना एकच माइक.

सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट म्हणजे तुकडे. नक्कल ऐकू आली की बटण दाबायचं, संपली की बंद. अशा दहा सेकंदांच्या फाइलींचा ढीग जमतो आणि त्यांतून ‘कधी’ कायमचं हरवतं. एका पक्ष्यासाठी सलग दहा मिनिटं तरी द्यावीत, मधली शांतता धरून. शेवटी माइकमध्ये हळू आवाजात बोलून ठेवावं: वेळ, पक्षी कुठे बसला होता, सोबत कोणते पक्षी होते, शिकारी पक्षी दिसला का, कोण उडालं, कोण जवळ आलं. घरी येऊन आठवून लिहू म्हणणाऱ्याचं निम्मं विसरलेलं असतं. आणि त्याच परिसरातल्या मूळ पक्ष्यांचेही आवाज टिपून आणावेत, प्रत्येक जातीचे चार-पाच वेगवेगळे पक्षी तरी. पक्ष्यांच्या बोली जागेगणिक बदलतात. दूरच्या देशातल्या रेकॉर्डिंगशी ताडून पाहिलं तर चांगली नक्कलही कच्ची वाटते.

चित्रात काय दिसतं

ऑडॅसिटी किंवा रेव्हन लाइट, दोन्ही मोफत मिळतात आणि दोन्हींत स्पेक्ट्रोग्राम दिसतो. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर वारंवारता, गडदपणा म्हणजे जोर. भरभर बदलणाऱ्या आवाजांसाठी विंडो, म्हणजे एका वेळी तपासला जाणारा नमुन्यांचा तुकडा, ५१२ ठेवावी. ४८ किलोहर्ट्झला तिचा वेळेचा तुकडा सुमारे ११ मिलिसेकंदांचा पडतो. लांब शिळेची नेमकी उंची मोजायची तर २०४८. तिच्यात वारंवारतेच्या पायऱ्या २३ हर्ट्झच्या आसपास येतात, पण वेळ ४३ मिलिसेकंदांपर्यंत पुसट होते. दोन्ही एकदम मिळत नाहीत. मूळ आणि नक्कल एकाच विंडोवर पाहिले नाहीत तर फरक पक्ष्यांचा की सेटिंगचा हे सांगता येत नाही.

समजा दोन पट्ट्या वरखाली लावल्या आहेत. वरची मूळ पक्ष्याची: सहा सारख्या चढत्या रेघा आणि शेवटी एक वळसा. खालची नकलाकाराची. तिच्यात चढत्या रेघा आहेत, कोन तोच, वळसाही तसाच, पण रेघा चारच. असं दिसलं तर नक्कल कच्ची आहे असं म्हणू नये. ऑस्ट्रेलियातल्या लायरबर्डबद्दल अ‍ॅनास्टेशिया डाल्झिएल आणि रॉबर्ट मॅग्राथ यांनी २०१२ साली नेमकं हेच मांडलं. लायरबर्ड ग्रे श्राइक-थ्रश या पक्ष्याचं गाणं अत्यंत बिनचूक उतरवतो, पण पुन्हा पुन्हा येणारे तुकडे कमी करतो. रचना राहते, लांबी घटते. याचा अर्थ असा लावता येतो की गाण्याला वेळ मोजकाच आहे आणि त्यात जास्तीत जास्त प्रकार बसवायचे आहेत.

त्याच अभ्यासात त्यांनी खुद्द श्राइक-थ्रश पक्ष्यांना ही नक्कल ऐकवली. नुसती नक्कल ऐकवल्यावर ते तिला प्रतिसाद देत. पण तिच्या आगेमागे लायरबर्डच्या इतर नकला असतील तर फरक ओळखण्यात त्यांना मदत होई. ज्याचं गाणं चोरलं तो पक्षीसुद्धा सुटा आवाज नाही, आजूबाजूचं ऐकून ठरवतो.

मोबाइल अ‍ॅप नकलाकारांपुढे गडबडतात ते याच कारणाने. आवाजावरून पक्षी ओळखणारं बर्डनेट तीन-तीन सेकंदांचे तुकडे तपासतं. त्या तीन सेकंदांत सर्पगरुडाची शीळ असेल तर ते सर्पगरुड म्हणणार, आणि त्याच्या बाजूने ते बरोबरही आहे. आधीचा शिंपी आणि नंतरची खार एकाच फांदीवरून बोलली, हे त्या तुकड्यात नसतं. म्हणून नकलाकार जवळ असताना अ‍ॅपने सुचवलेली यादी जशीच्या तशी नोंदवू नये.

कधी आणि कुणासाठी

श्रीलंकेतल्या सिंहराजा जंगलात एबेन गुडेल आणि सरत कोटगामा यांनी भृंगराजावर केलेलं काम मला या विषयातलं सगळ्यात सुंदर वाटतं. तिथे पक्ष्यांचे मोठे मिश्र थवे फिरतात आणि भृंगराज त्यांतला नेहमीचा सोबती. तो थव्यातल्यांनी उडवलेल्या किड्यांवर जगतो. २००६ साली त्यांनी दाखवलं की भृंगराज नकला कुठेही उधळत नाही. शांत वेळी गाताना तो इतरांची गाणी आणि साध्या संपर्काच्या हाका घेतो. धोका दिसला की इतरांच्या धोक्याच्या हाका आणि शिकारी पक्ष्यांचे आवाज काढतो. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात रेकॉर्डिंग ऐकवून पाहिलं, तर भृंगराजाच्या नुसत्या स्वतःच्या आवाजापेक्षा नकला मिसळलेल्या आवाजाकडे थव्यातले पक्षी जास्त ओढले गेले. त्याच्या वागण्यात थवा जमवणंही आहे आणि थव्याला सावध करणंही. नुसती यादी केली असती तर शीळ, कलकल, किटकिट एवढंच कागदावर आलं असतं.

त्याचा आफ्रिकेतला भाऊबंद, फोर्क-टेल्ड ड्रोंगो, लबाडीत पुढे गेला आहे. कालाहारीत टॉम फ्लॉवर यांनी अभ्यासलेले हे कोतवाल मिरकॅट हे मुंगसाच्या कुळातले छोटे प्राणी आणि पाइड बॅबलर हे पक्षी यांच्या मागे फिरतात. कुणाला मोठा किडा सापडला की खोटी धोक्याची हाक देतात, तो घाबरून पळतो आणि किडा यांचा. २०१४ सालच्या त्यांच्या निबंधात या कोतवालांकडून टिपलेल्या ५१ प्रकारच्या धोक्याच्या हाका आहेत. चोरीतून मिळणारं अन्न रोजच्या अन्नाच्या २३ टक्क्यांपर्यंत जातं. एका हाकेला समोरचा फसेनासा झाला की कोतवाल हाक बदलतो. लांडगा आला रे आला म्हणणाऱ्या पोराला जी अडचण आली, ती या पक्ष्याने दर वेळी वेगळ्या आवाजात ओरडून सोडवली आहे. आणि खरा ससाणा आला की तो खरीही हाक देतो, म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष करणं कुणाला परवडत नाही.

ब्राउन थॉर्नबिल हा ऑस्ट्रेलियातला जेमतेम सात ग्रॅमचा पक्षी. त्याच्या घरट्यावर पाइड करावाँग येतो, आकाराने चाळीसपट. थॉर्नबिल लढू शकत नाही. तो दुसऱ्या पक्ष्यांच्या ‘ससाणा आला’ या हाकांची नक्कल सुरू करतो, जणू आजूबाजूच्या चार जातींनी ससाणा पाहिला आहे. करावाँग स्वतः ससाण्याला भितो, तो मान वर करून आकाश पाहतो आणि तेवढे काही सेकंद मिळतात. ब्रानिस्लाव इगिच आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली दाखवलं की नक्कल मिसळली की करावाँग नुसत्या थॉर्नबिलच्या हाकेपेक्षा साधारण दुप्पट वेळ घुटमळतो. उडता येण्याजोग्या पिल्लांना झुडपात पांगायला तो पुरू शकतो.

यावरून वहीत काय लिहायचं ते ठरवता येतं. नकलेच्या आधीच्या अर्ध्या मिनिटात काय घडलं, पक्षी एकटा होता की थव्यात, नक्कल गाण्याची की धोक्याच्या हाकेची, आणि नंतरच्या अर्ध्या मिनिटात कोण गप्प झालं, कोण उडालं. प्रतिसाद पाहायला म्हणून शिकारी पक्ष्यांचे किंवा धोक्याचे आवाज स्वतः स्पीकरवर वाजवू नयेत. घरट्यावरची मादी उठते, अंडी उघडी पडतात, आणि तिला तो आवाज खोटा होता हे आपण सांगू शकत नाही.

आवाज उरतो, पक्षी नसतो

युरोपातला मार्श वॉर्बलर हा पक्षी दिसायला अगदी साधा, मातकट. फ्रांस्वाज दोसेत-लमेर यांनी १९७९ साली त्याच्या गाण्याचा हिशेब मांडला. तपासलेल्या नरांच्या गाण्यांत मिळून २१२ जातींच्या नकला सापडल्या: ९९ युरोपातल्या आणि ११३ आफ्रिकेतल्या. एकेका नराच्या गाण्यात सरासरी ७६ जाती. पिल्लं ऐकण्याच्या वयाला येईपर्यंत बाप गाणं थांबवतो, म्हणून ती आजूबाजूच्या पक्ष्यांकडून उचलतात, मग स्थलांतराच्या वाटेवर आणि आफ्रिकेतल्या पहिल्या हिवाळ्यात. त्यानंतर भर पडत नाही. बेल्जियमच्या झुडपात बसून नर जे गातो, त्यात त्याने पहिल्या वर्षी केलेला प्रवास असतो.

लायरबर्डचं गाणं आणखी मागे जातं. १९३४ पासून काही वर्षं ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरून लायरबर्ड टास्मानियात नेऊन सोडले गेले. मुख्य भूमीवरचा व्हिपबर्ड हा पक्षी टास्मानियात नाही. तरीही कित्येक दशकांनंतर तिथले लायरबर्ड व्हिपबर्डचा आवाज काढत होते. त्यांतल्या कुणीही व्हिपबर्ड ऐकलेला नव्हता, त्यांनी आपल्या वडीलधाऱ्यांकडून उचललं होतं. म्हणून एखाद्या जंगलात नक्कल ऐकली यावरून मूळ पक्षी तिथे आहे असं कधीच नोंदवू नये.

जर्मनीतल्या तुरेवाल्या चंडोलांची गोष्ट या सगळ्यात जवळून पाहण्यासारखी. तुरेवाला चंडोल हा माळावरचा पक्षी. तिथले मेंढपाळ कुत्र्याला शिळेवर हुकूम देतात, वेगळ्या कामाला वेगळी शीळ. त्या माळावरच्या चंडोलांनी या शिळा उचलल्या आणि आपल्या गाण्यात घेतल्या. एर्विन ट्रेट्झेल यांनी त्या रेकॉर्ड करून १९६५ साली त्यांवर लिहिलं. चंडोलांची शीळ मेंढपाळाच्या शिळेपेक्षा उंच पट्टीत होती आणि सुरांना जास्त पक्की. ते रेकॉर्डिंग मेंढपाळाच्या कुत्र्याला ऐकवलं, तर कुत्र्याने हुकूम पाळला.